जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह करावा काय?

दिवाळी जवळ आली म्हणजे आमच्या कागल गांवांत घरोघरीं माळे झाडले जातात, जुन्या पेट्या उघडल्या जातात, आणि वर्षानुवर्षें कोणीं हात न लावलेल्या वस्तु अंगणांत येऊन पडतात. त्यांतील उपयोगाच्या पुन्हां आंत जातात. बाकीच्या भंगारवाल्याच्या तराजूंत पडतात. मागील वर्षीं आमच्या घरीं अशाच एका पत्र्याच्या पेटींतून तळहाताएवढा, पिवळट पडलेला एक ब्रिक गेम निघाला. भंगारवाल्यानें तो हातांत फिरवून पाहिला आणि प्लास्टिकच्या भावानें घेतों असें म्हणून इतर सामानांत टाकला. तेवढ्यांत शेजारचा नववींतील एक विद्यार्थी पुढें येऊन म्हणाला, "सर, देऊ नका की! बाहेरच्या देशांत असल्या गेमला हजारों रुपये येतात." एकाच वस्तूचीं एकाच क्षणीं झालेलीं हीं दोन मोलें ऐकून आमच्या मनांत जो विचार सुरू झाला, तोच या लेखाचा विषय आहे.

विद्यार्थिमित्रहो, प्रश्न असा कीं, हातांत धरून खेळावयाचे जुने व्हिडिओ गेम संग्रह करून ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत काय? उत्तर देण्यापूर्वीं वस्तूची ओळख करून घेणें अवश्य आहे. कारण ज्या वस्तूची माहिती नाहीं तिचें मोल करणें म्हणजे डोळे मिटून बाजार करणें होय.

या जातीच्या खेळांचा इतिहास फार जुना नाहीं. १९७६ सालीं अमेरिकेंतील मॅटेल कंपनीनें 'ऑटो रेस' नांवाचा खेळ काढिला. त्यांत चित्र असें नव्हतेंच. लाल दिव्याचा बारीक ठिपका हीच मोटार, असें मानून खेळावयाचें. १९७९ सालीं मिल्टन ब्रॅडली कंपनीचा 'मायक्रोव्हिजन' आला. एक भाग काढून दुसरा बसविला म्हणजे त्याच यंत्रावर दुसरा खेळ खेळतां येई, हा त्याचा विशेष. त्याच्या पडद्यावर आडवे सोळा व उभे सोळा एवढेच ठिपके होते.

पुढील पाऊल जपानांत पडलें. निन्टेंडो कंपनींतील गुन्पेइ योकोई हे आगगाडीनें प्रवास करीत असतां एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरचीं बटणें उगाच दाबीत बसलेला त्यांस दिसला, अशी हकीकत सांगतात. त्यावरून त्यांस जी कल्पना सुचली तिचें फळ म्हणजे १९८० सालचा 'गेम अँड वॉच'. त्याची रचना समजावून घेण्यासारखी आहे. कॅल्क्युलेटरवरील आठाचा आंकडा सात काड्यांचा असतो. त्यांपैकीं पाहिजे तेवढ्याच काड्या काळ्या केल्या कीं कोणताहि अंक उमटतो. योकोई यांनीं काड्यांच्या जागीं माणसाच्या हातापायांच्या व चेंडूच्या आकृति बसविल्या. त्या एकामागून एक उमटल्या व मिटल्या कीं माणूस चेंडू झेलतो असा भास होई. म्हणजे हिशेबाच्या यंत्रानेंच मुलांस हंसविलें!

१९८९ सालीं त्याच कंपनीचा 'गेम बॉय' निघाला. त्याचा पडदा हिरवट, छटा अवघ्या चार आणि रंग मुळींच नाहीं. पुढल्या वर्षीं सेगा कंपनीनें रंगीत व आंतून उजळणाऱ्या पडद्याचा 'गेम गिअर' आणला. दिसावयास दुसरा कितीतरी सरस; परंतु त्याला सहा पेन्सिल सेल लागत व ते तीन ते पांच तासांत संपून जात. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चाले. लोकांनीं साध्यालाच पसंत केलें. गेम बॉय व त्याची पुढली रंगीत आवृत्ति मिळून सुमारें ११ कोटी ८६ लक्ष यंत्रें जगांत विकलीं गेलीं. नवें व महागडें तंत्र धुंडीत बसण्यापेक्षां स्वस्त, जुनें व पूर्ण समजलेलें तंत्र नव्या कामीं लावावें, असें योकोई यांचें मत होतें. आणि या बाबतींत तें खरें ठरलें.

आपल्या भागांत गेम बॉय फारच थोड्या घरीं आला. १९९० नंतरच्या दशकांत कागलच्या मुलांच्या हातीं आला तो ब्रिक गेम. मॉस्को येथील अलेक्सेइ पाजित्नोव्ह या संगणकतज्ज्ञानें १९८४ सालीं 'टेट्रिस' नांवाचा खेळ रचिला. वरून पडणाऱ्या निरनिराळ्या आकारांच्या विटा फिरवून खालीं ओळ भरावयाची, हा तो खेळ. त्याचेंच अनुकरण करून पूर्वेकडील कारखान्यांनीं हीं स्वस्त यंत्रें काढिलीं. पडद्यावर आडवीं दहा व उभीं वीस, अशीं एकूण दोनशें घरें. त्यांतच विटा, त्यांतच साप, त्यांतच मोटार व त्यांतच रणगाडा. गैबी पिराच्या उरुसांत खेळण्यांच्या दुकानांतून हे गेम टांगलेले असत. कित्येकांवर '९९९९ खेळ' असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असे. आम्हीं लहानपणीं ते मोजावयाचा निश्चय केला होता. मोजतां मोजतां कळलें कीं मुळांत वेगळे खेळ बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सारे वेग व पायऱ्या बदलून वाढविलेले आंकडे! जाहिरातींतील आंकडा आणि वस्तूंतील सत्य यांत किती अंतर असूं शकतें, हा धडा आम्हांस शाळेंत मिळण्यापूर्वीं उरुसांत मिळाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अशा वस्तु जपाव्या या मताच्या बाजूनें काय सांगतां येईल?

पहिली गोष्ट ही कीं, ज्या वस्तु सर्वांच्या घरीं असतात त्याच आधीं नाहींशा होतात. राजाची तलवार कोणीतरी जपतो; स्वयंपाकघरांतला दिवा कोणी जपत नाहीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं हें ओळखलें. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे हे गृहस्थ १९२० च्या सुमारापासून गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, भांडीं, सोंगट्या अशा वस्तु गोळा करूं लागले. त्या वेळीं पुष्कळांस तो एक छंदिष्टपणा वाटला असेल. परंतु त्यांच्या संग्रहांतील वस्तु वीस हजारांवर गेल्या, आणि १९७५ सालीं तो सर्व त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अकालीं गेलेल्या आपल्या राजा या पुत्राचें नांव त्यांनीं त्यास दिलें. आज तें संग्रहालय पाहणारास मराठी माणसाचें घर कसें होतें, हें एखाद्या ग्रंथाहूनहि स्पष्ट कळतें.

फार दूर जावयास नको. कोल्हापुरांत पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीची टेकडी आहे. गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत तेथें खणतां खणतां समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी रोमन कांस्यमूर्ति मिळाली. ती टाउन हॉलमधील संग्रहालयांत आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं या प्रदेशाचा रोमन जगाशीं व्यापार होता, ही गोष्ट ती वीतभर मूर्ति सांगते. ज्यानें ती येथें आणली त्याच्या मनांत इतिहास नव्हता. उरुसांत ब्रिक गेम विकणाऱ्याच्या मनांतहि नव्हता. परंतु मॉस्कोंत रचलेला खेळ पूर्वेकडील कारखान्यांतून कागलच्या उरुसांत कसा आला, हें पुढल्या काळीं कोणास जाणावयाचें झालें, तर साक्ष देण्यास वस्तु शिल्लक पाहिजे.

दुसरी गोष्ट खेळाची परंपरा. कोंकणांत सावंतवाडी येथें गंजिफा तयार होतात. हे वाटोळे, हातानें रंगविलेले पत्ते. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे प्रत्येकीं बारा, असे एकशें वीस पत्ते असतात. ही कला अगदीं लोपावयास आली असतां १९७० नंतर सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागिरांस काम देऊन ती सांवरली. त्या वेळीं जुने पत्ते आणि तें काम जाणणारे वृद्ध चितारी शिल्लक होते म्हणूनच हें घडलें. दोन्ही गेलीं असतीं तर नुसत्या इच्छेनें कला परत आली नसती. आणि मौज अशी कीं, ज्या निन्टेंडो कंपनीचा गेम बॉय आज संग्राहक शोधतात, ती १८८९ सालीं क्योटो शहरांत निघाली तेव्हां हातानें बनविलेले 'हानाफुदा' नांवाचे पत्तेच विकीत होती. वर्षाच्या बारा महिन्यांचीं फुलें दाखविणारे ते अठ्ठेचाळीस पत्ते. म्हणजे गंजिफा आणि गेम बॉय हीं वाटतात तितकीं परकीं नाहींत. दोन्ही माणसाच्या तळहातांत मावणाऱ्या करमणुकीचींच रूपें आहेत.

तिसरी गोष्ट अशी. पुस्तकाची नवी आवृत्ति निघते. जुन्या गेमची बहुधा निघत नाहीं. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचें जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या दर शंभर खेळांपैकीं सुमारें सत्त्याऐंशीं आज बाजारांत रीतसर विकत मिळत नाहींत. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत निन्टेंडोनें आपल्या एका जुन्या हातयंत्राचें इंटरनेटवरील दुकान बंद केलें, व जे खेळ केवळ तेथेंच मिळत त्यांची विक्री संपली. अशा स्थितींत ज्याच्या घरीं जुनें यंत्र चालू आहे तो नकळत एका ग्रंथालयाचा रखवालदार झाला आहे.

इतकें असूनहि, दिसेल तो जुना गेम विकत घ्यावा असा उपदेश आम्ही करणार नाहीं. दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे.

प्रथम पैशाचा विचार. जुनें म्हणजे महाग, हा समज चुकीचा आहे. जी वस्तु ११ कोटींवर खपली ती केवळ जुनी झाल्यानें दुर्मिळ कशी होईल? ज्यांस मोठी किंमत येते त्या बहुतेक न उघडलेल्या खोक्यांतील किंवा मुळांतच थोड्या निघालेल्या वस्तु असतात. वापरलेला, झिजलेला ब्रिक गेम विकून कोणी श्रीमंत होणार नाहीं. शिवाय ज्या किमती मुलें मोबाइलवर पाहतात त्या पुष्कळदां विकणारानें मागितलेल्या असतात. कोणी दिलेल्या नसतात. मागणें आणि मिळणें यांतील अंतर बाजारांत बसणारी प्रत्येक माळीण जाणते. आमचे विद्यार्थी मात्र विसरतात.

दुसरें, फसवणूक. आम्ही स्वतः एकदां फसलों आहों. एका विक्रेत्याकडून आम्हीं टपालानें गेम बॉयची एक 'अस्सल' कॅसेट मागविली. आली ती दिसावयास सुंदर. परंतु चिठ्ठीवरील चित्र किंचित् पुसट होतें. आंत उघडून पाहतों तों कंपनीच्या नांवाच्या चिपा नाहींत. त्यांच्या जागीं काळ्या लाखेसारखा एक थेंब. ब्रिक गेमच्या पोटांतहि असाच काळा थेंब असतो, पण त्यानें कधीं अस्सलपणाची बढाई मारलेली नसते. पैसे परत आले नाहींत. त्या रकमेंत इयत्तेचीं सर्व क्रमिक पुस्तकें आलीं असतीं, हें आठवलें म्हणजे आजहि मनास लागतें.

तिसरें, हीं यंत्रें नाशवंत आहेत. आंत विसरलेले सेल पाझरतात व त्यांचा क्षार स्प्रिंग खाऊन टाकतो. पडद्याच्या थरांत डाग पडतात; जुन्या मायक्रोव्हिजनचे पडदे असेच काळे पडले. गेम गिअरच्या आंतील कपॅसिटर गळून आवाज व चित्र मंद होतें. कित्येक कॅसेटींत मुलानें खेळून मिळविलेली प्रगति एका बटणसेलवर टिकते. तो सेल संपला कीं ती सारी पुसली जाते. म्हणून खोक्यांत बंद करून पंचवीस वर्षांनीं सोनें होईल अशी आशा धरणें व्यर्थ आहे. सोनें गंजत नाहीं, गेम गंजतो.

या दोन्ही बाजू तोलून आमचें मत असें झालें आहे कीं, प्रश्न वस्तूचा नसून रीतीचा आहे. साठा वेगळा व संग्रह वेगळा. साठा करणारा संख्या वाढवितो. संग्रह करणारा माहिती वाढवितो. दहा गेम पेटींत घालून कुलूप लावणारापेक्षां एकच गेम चालू ठेवून त्याची हकीकत लिहून ठेवणारा खरा संग्राहक होय. वस्तूबरोबर तिची हकीकत राहिली नाहीं, तर पुढल्या पिढीच्या हातीं नुसतें प्लास्टिक येतें. आणि मग भंगारवाल्याचाच भाव बरोबर ठरतो.

ज्या विद्यार्थ्यांस असा संग्रह करावयाचा असेल त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रथम आपल्या घरीं व नातेवाइकांकडे शोधावें. विकत घेण्याची वेळ आलीच तर आईवडिलांच्या संमतीवांचून एक पैहि खर्चूं नये. गेम ठेवतांना सेल नेहमीं काढून ठेवावे. ऊन व दमट जागा टाळावी. आपल्याकडील पावसाळ्याचे चार महिने विशेष जपावें. स्प्रिंगेवर पांढरा क्षार दिसल्यास वडील माणसांच्या देखत, हातमोजे घालून तो पुसावा. अल्कलाइन सेलचा क्षार थोड्याशा व्हिनेगरनें निघतो. मग स्पिरिटनें पुसून जागा पूर्ण कोरडी होऊं द्यावी. पुढल्या काळच्या यंत्रांत चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटऱ्या असतात. त्या फुगलेल्या दिसल्या तर टोंचूं नये, दाबूं नये व पुन्हां चार्ज करूं नये. जें मुळींच दुरुस्त होत नाहीं तें कचऱ्यांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावें. देशांत त्यासंबंधीं नवे नियम २०२३ च्या एप्रिलपासून लागू आहेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वहीची. प्रत्येक वस्तूला एक पान द्यावें. ती कोणत्या सालीं, कोठून व किती रुपयांस घेतली, कोणीं घेतली, कोण कोण खेळलें, काय बिघडलें व कसें दुरुस्त केलें, हें त्यावर लिहावें. ही माहिती कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. ती आईवडिलांच्या, मामाकाकांच्या तोंडींच असते, आणि विचारल्यावांचून बाहेर येत नाहीं.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा जुना गेम घेऊन बसला म्हणजे अभ्यास बुडाला असें एकदम समजूं नये. त्यानें तो उघडून सेलपासून पडद्यापर्यंत वीज कशी जाते हें शोधलें, तर विज्ञानाचा एक धडाच गिरविला. परंतु तो केवळ किमती पाहत बसला, तर मात्र त्यास जागें करावें. कारण तो संग्रह नव्हे, हांव होय.

आतां आमच्या ब्रिक गेमविषयीं. त्या दिवशीं आम्हीं तो भंगाराच्या ढिगांतून परत घेतला. आंत दोन सेल फुटून चिकटले होते व एक स्प्रिंग हिरवी पडली होती. शेजारच्या त्या विद्यार्थ्यासह दोन संध्याकाळ खपून आम्हीं ती साफ केली. नवे सेल घातले आणि तीच जुनी कर्कश धून वाजली. आवाज ऐकून आमची आई स्वयंपाकघरांतून बाहेर आली. वहींत लिहावयाचें म्हणून आम्हीं तिला विचारिलें, "आई, हा केवढ्याला घेतला होतास गं?" ती म्हणाली, "किती रुपयं ते न्हाई आता ध्यानात. पण त्या सालचा उरूस आला, तवा तुम्ही दोघं भाऊ दुकानापुढनं हलंना. दुधाचं पैसं चुलत्याचं देणं भागवायला बांधून ठेवलेलं, त्यातलंच दिलं. देणं म्हैनाभर मागं राहिलं."

ही गोष्ट आम्हांस तीस वर्षें ठाऊक नव्हती. वहींतील किमतीच्या रकान्यांत आम्हीं आंकडा घातला नाहीं. तिचें बोलणें जसेंच्या तसें लिहून ठेविलें. विद्यार्थिमित्रहो, जुना गेम संग्रह करण्याजोगा आहे कीं नाहीं, हें तुम्हीं मोबाइलवर पाहण्यापूर्वीं घरांत विचारावें. आमच्या अनुभवानें तरी उत्तर तेथेंच मिळतें.